जुन्या मोटरसायकलचा पुढचा फोर्क: आधी घर्षण, मग स्प्रिंग, शेवटी तेल

जुन्या मोटरसायकली चालवणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते: "त्या काळच्या गाड्यांचे शॉकअप असेच असायचे." मीही ते चार वर्षे मान डोलावून ऐकले आणि दुसऱ्यांना ऐकवलेही. माझी गाडी १९७०च्या दशकातली, दोन सिलिंडरची, सुमारे १७० किलो वजनाची आहे. पुढे ३५ मिमी जाडीच्या पाइपांचा साधा टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे दोन पाय, आणि एकच डिस्क ब्रेक आहे. तिच्याबद्दल माझ्या दोन तक्रारी होत्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. ब्रेक दाबला की गाडीचे नाक थेट जमिनीकडे जाई, इतके की फोर्क तळाला आपटल्याचा 'टक्' असा आवाज हँडलमध्ये जाणवे. उलट खडबडीत रस्त्यावर तोच फोर्क जणू लोखंडी कांब व्हायचा आणि प्रत्येक लहान उंचवटा मनगटापर्यंत पोहोचायचा. जो फोर्क इतका मऊ आहे तो त्याच वेळी इतका कडक कसा असू शकतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही, म्हणून मी आधी चुकीचा उपाय केला.

चुकीचा उपाय म्हणजे जाड तेल. १० डब्ल्यूचे फोर्क ऑइल काढून मी ३० डब्ल्यूचे भरले आणि पहिल्या दोन किलोमीटरांत खूशही झालो, कारण ब्रेक दाबल्यावर नाक हळू खाली जाऊ लागले. हळू जाऊ लागले, पण जायचे तिथपर्यंतच गेले. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला, तर फोर्क सावकाश का होईना तळाला टेकतच होता. शिवाय ओळीने चार-पाच खड्डे आले, की पहिल्या खड्ड्यात दबलेला फोर्क पूर्ण वर यायच्या आत दुसरा खड्डा येई, मग तिसरा, आणि शेवटी फोर्क खालीच अडकून राही. ताठ झालेल्या पुढच्या चाकाने एका वळणावर रस्ता सोडून अर्धा फूट बाहेर उडी घेतली, तेव्हा मी ते तेल काढले आणि हा फोर्क आतून नेमका काय करतो ते पहिल्यांदा नीट समजून घेतले.

या काळातल्या बहुतेक फोर्कच्या पोटात डॅम्पर रॉड नावाची एक पोकळ नळी असते. ती तळाच्या बोल्टने बॉटमला, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या नळीला, घट्ट बसवलेली असते आणि तिच्या अंगाला भोके असतात. चाक वर आले की खाली कोंडलेले तेल रॉडच्या खालच्या अंगच्या मोठ्या भोकांतून आत शिरते आणि रॉडच्या पोकळीतून वर जाते. त्याच वेळी रॉड आणि पाइप यांच्यामध्ये जी जागा मोकळी होते, ती एका साध्या एकमार्गी झडपेतून भरते. चाक खाली जाऊ लागले की ही झडप बंद होते आणि त्या जागेतल्या तेलाला रॉडच्या वरच्या अंगच्या अगदी लहान भोकांतून बाहेर पडावे लागते. दाबण्याच्या आणि उसळण्याच्या विरोधाचे सगळे गणित असे ठरावीक मापाच्या भोकांवर सोपवलेले आहे. यंत्र स्वस्त, टिकाऊ आणि हुशार आहे, पण त्याला एक जन्मजात खोड आहे. भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो, दहापट झाला तर साधारण शंभरपट. ब्रेक दाबल्यावर फोर्क तुलनेने संथ गतीने दबतो, तेव्हा भोके जवळजवळ काहीच अडवत नाहीत. धारदार कडेच्या खड्ड्यात चाक त्याच्या दहापट वेगाने वर फेकले जाते, तेव्हा त्याच भोकांपाशी तेलाची भिंत उभी राहते. मऊ आणि कडक या माझ्या दोन तक्रारींचे मूळ असे एकच होते, आणि जाड तेल घालून मी ती भिंत आणखी उंच केली होती.

यात त्या काळच्या अभियंत्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर तेलाने डॅम्प होणारा, म्हणजे ज्याची हालचाल तेल शांत करते असा, टेलिस्कोपिक फोर्क विक्रीच्या गाडीत आणला, त्याआधी अनेक गाड्यांवर गर्डर फोर्क, म्हणजे दांड्यांच्या सांध्यांवर खालीवर होणारे सांगाडे, असत आणि त्यांचे डॅम्पिंग म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या. एका हाताने नॉब पिळून चकत्यांचा दाब कमीजास्त करायचा. त्या तुलनेत तेल आणि भोक ही फार मोठी झेप होती. नंतर ब्रेक, टायर आणि इंजिने पुढे निघून गेली आणि भोके मात्र दीर्घ काळ तिथेच राहिली.

माझा क्रम मी या अनुभवानंतर ठरवला आणि आता तो बदलायची मला गरज वाटत नाही. फोर्क आधी मोकळेपणाने सरकला पाहिजे. मग तो गाडीचे आणि स्वाराचे वजन योग्य उंचीवर पेलणारा असला पाहिजे. तेल आणि झडपांचा विचार त्यानंतरचा. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात, कारण तेल बदलणे सर्वांत सोपे असते.

मोकळेपणा मोजता येतो, हे मला फार उशिरा कळले. पाइपावर एक प्लास्टिकची टाय घट्ट पण सरकेल अशी बांधावी, फोर्क जास्तीत जास्त किती दबला ते ती दाखवते. गाडीचे पुढचे चाक अधांतरी करून पाइपाची उघडी लांबी मोजावी. मग नेहमीच्या पेहरावात गाडीवर बसावे, एकाने मागून गाडी सरळ धरावी आणि दुसऱ्याने मोजमाप घ्यावे. हँडल खाली दाबून अगदी हळू सोडले की फोर्क एका उंचीवर थांबतो, आणि हँडल वर उचलून हळू सोडले की दुसऱ्या. घर्षण नसते तर दोन्ही उंची एकच आली असती. माझ्या गाडीत पहिल्या वेळी फोर्क ६७ मिमी दबलेला राहिला आणि दुसऱ्या वेळी ४३ मिमी. मधले २४ मिमी म्हणजे निव्वळ घर्षण. दोन्ही स्प्रिंगांची मिळून ताकद मिमीमागे १.०८ किलो होती (ती कशी मोजली ते पुढे येईल), आणि हे अंतर दोन्ही दिशांच्या घर्षणाचे मिळून असल्याने त्याचे निम्मे धरायचे, म्हणजे साधारण १३ किलोचा धक्का बसेपर्यंत माझा फोर्क जागचा हलतही नव्हता. खडबडीत रस्त्यावरच्या बारीक धक्क्यांपैकी कितीतरी या मर्यादेच्या आतले असतात. ते सगळे सरळ माझ्या मनगटात येत होते आणि मी दोष तेलाला देत होतो.

हे घर्षण कुठून येते ते शोधणे हा या सगळ्या कामातला सर्वांत रंजक आणि सर्वांत कमी खर्चाचा भाग आहे. मी फोर्क पूर्ण खोलला. वरची कॅप काढताना स्प्रिंगचा दाब तिच्यामागे असतो, म्हणून शेवटचे आटे सोडवताना तोंड तिच्या रेषेत ठेवू नये आणि तळहाताने ती दाबून धरावी. तळाचा ॲलन बोल्ट सोडवताना आतला डॅम्पर रॉड त्याच्याबरोबर गोल फिरतो आणि बोल्ट काही केल्या सुटत नाही. तो बोल्ट स्प्रिंग आणि कॅप जागेवर असतानाच सैल करावा, म्हणजे स्प्रिंगच्या दाबाने रॉड धरला जातो. मी स्प्रिंग आधी काढली होती, त्यामुळे एक दुपार वाया गेली.

पाइप व्ही ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे माप) लावून फिरवले. डाव्या पाइपाचा काटा ०.०८ मिमी हलला आणि उजव्याचा ०.१४. गेजवर दिसणारा फरक हा खऱ्या बाकाच्या दुप्पट असतो. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.२ मिमी ही मर्यादा दिलेली असते, तेव्हा दोन्ही पाइप चालण्यासारखे होते. थोडा बाक प्रेसवर काढता येतो, पण चुरगळलेला किंवा घडी पडलेला पाइप सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, तो फेकावा. उजव्या पाइपावर ऑइल सील जिथे फिरते त्याच पट्ट्यात क्रोमला गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे तीन खड्डे होते. असे खड्डे नव्या सीलचे ओठ काही शे किलोमीटरांत फाडतात. लोक सील बदलत राहतात आणि सीलच्या दर्जाला नावे ठेवतात. मी दोन्ही पाइप ग्राइंड करून, हार्ड क्रोम चढवून पुन्हा मापात ग्राइंड करून घेतले. पहिल्या कारखान्यातून ते आले तेव्हा एक पाइप बॉटममध्ये शिरेचना. क्रोमचा थर चढवला होता, पण त्यानंतरचे ग्राइंडिंग "जवळपास" झाले होते. 'जवळपास' हा शब्द फोर्कच्या बाबतीत चालत नाही. पाइप देताना जुन्या पाइपाचे न झिजलेल्या जागेवरचे माप मायक्रोमीटरने घेऊन कागदावर लिहून द्यावे, आणि परत आल्यावर तिथेच उभे राहून मोजावे.

खरी चोरी मात्र पाइपात नव्हती. ती खालच्या टीमध्ये, म्हणजे दोन्ही पाइप घट्ट धरणाऱ्या आडव्या पकडीत, होती. दोन्ही पाइप टीमध्ये बसवून, ते एकमेकांना समांतर आहेत की पिळलेले आहेत हे पाहण्यासाठी मी जाड काचेचा एक सपाट तुकडा दोन्ही पाइपांवर आडवा टेकवला. काच चारही जागी टेकायला हवी होती, पण ती एका कोपऱ्यावर डुलत होती. गाडी कधीतरी पडली असेल आणि हँडल सरळ करताना पाइप टीमध्ये किंचित पिळलेलेच राहिले असतील. टीचे बोल्ट सैल करून, पाइप हाताने फिरवून, काच सगळीकडे टेकेल असे करून बोल्ट पुन्हा आवळले. या कामाला वीस मिनिटे लागली आणि एक पैसाही लागला नाही. त्याचबरोबर बॉटममधील पाइप ज्या जागी घासत सरकतो ती जागाही तपासली. या जातीच्या अनेक फोर्कमध्ये बदलता येण्याजोगे बुश (सरकण्यासाठीची वेगळी कडी) नसतात, ॲल्युमिनियमचा बॉटमच पाइपावर सरकतो. तो झिजला तर बॉटम बोअर करून बुश बसवणे किंवा दुसरा बॉटम शोधणे एवढेच पर्याय उरतात. माझ्या बॉटमवर ती पाळी आली नव्हती.

शेवटची जागा म्हणजे चाकाचा एक्सल. एक्सलचा नट आवळल्यावर दोन्ही बाजूंचे पिंच बोल्ट (एक्सलला बॉटममध्ये आवळून धरणारे) एकदम घट्ट करण्याची सवय मलाही होती. त्यामुळे दोन बॉटम एकमेकांकडे ओढले जातात किंवा दूर ढकलले जातात आणि त्याच अवस्थेत कायम राहतात. नट आवळून एकाच बाजूचा पिंच बोल्ट लावावा, गाडी जमिनीवर उतरवून पुढचा ब्रेक धरून फोर्क सात-आठ वेळा खालीवर करावा, दुसऱ्या बाजूच्या बॉटमला एक्सलवर आपली जागा आपण शोधू द्यावी आणि मगच तिकडचा बोल्ट आवळावा. हे सगळे झाल्यावर जुन्याच स्प्रिंगांवर पुन्हा मोजले, तेव्हा २४ मिमीचे घर्षण ९ मिमीवर आले होते. त्या दिवशी गाडी चालवताना वाटले की काम इथेच थांबवले तरी चालेल.

फोर्क खोललेलाच होता म्हणून कोनसेटही (हँडल ज्यांवर वळते ती बेअरिंगे) पाहिला. खालच्या वाटीत बरोबर मध्यभागी गोळ्यांचे ठसे उमटले होते. हँडल सरळ रेषेत आले की किंचित 'बसल्यासारखे' वाटे, ते याच ठशांमुळे. गोळ्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग बसवले. फोर्क कितीही चांगला झाला, तरी कोनसेटमध्ये खेळ असेल तर ब्रेक लावताना येणारा ठोका फोर्कचाच वाटतो, आणि कोनसेट अति आवळला असेल तर गाडी सरळ रस्त्यावर दारुड्यासारखी डोलते. चाक अधांतरी असताना हलका धक्का दिल्यावर हँडल आपल्या वजनाने कडेला पडावे आणि फोर्क पुढेमागे ढकलला असता खेळ जाणवू नये. नव्या बेअरिंगवर हे आवळणे काही शे किलोमीटरांनंतर पुन्हा तपासावे लागते.

आता स्प्रिंग. माझी जुनी स्प्रिंग मोकळ्या अवस्थेत मॅन्युअलमधील मापापेक्षा ८ मिमी आखूड भरली आणि मी लगेच म्हणालो की ती मऊ झाली आहे. हे चूक आहे. खचलेल्या स्प्रिंगची उंची कमी होते, मिमीमागची ताकद तीच राहते, कारण ती तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरते, आणि यांपैकी काहीच बदललेले नसते. माझी स्प्रिंग मऊ झालेली नव्हती, ती पहिल्यापासून मऊ होती. मी ती बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभी केली, आत घसरू नये म्हणून एक गज घातला आणि ड्रिल प्रेसच्या दांड्याने ५० मिमी दाबली. काट्याने २७ किलो दाखवले, म्हणजे मिमीमागे ०.५४ किलो. पुढच्या ५० मिमीलाही तेवढीच वाढ झाली, म्हणजे स्प्रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ताकदीची होती.

वर दिलेल्या दोन मोजमापांची सरासरी ५५ मिमी येते. फोर्कची एकूण चाल १२५ मिमी. स्वार बसल्यावर फोर्कने साधारण ३० टक्के चाल खर्च करावी असा ढोबळ दंडक आहे, म्हणजे माझ्या बाबतीत ३५ ते ४० मिमी. मी गाडी सुरू करण्याआधीच ४४ टक्के चाल खाऊन बसलो होतो. उरलेल्या ७० मिमीमध्ये सगळे खड्डे आणि सगळे ब्रेक बसवायचे होते. ब्रेकचे गणित तर फारच निर्दय आहे. गाडी आणि स्वार मिळून २४० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ६२ सेंटिमीटर उंच आणि दोन चाकांमधले अंतर १३५ सेंटिमीटर धरले, तर गुरुत्वाकर्षणाच्या ६० टक्के इतक्या जोराने वेग कमी करताना मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सुमारे ६६ किलो भार सरकतो. त्यावर भर म्हणजे फोर्क उभा नसतो, तिरपा असतो. रस्ता टायरला मागे ढकलतो त्या बळाचा एक हिस्सा याच तिरपेपणामुळे फोर्क दाबण्याच्या कामी येतो. टेलिस्कोपिक फोर्क ब्रेकला नाक का खुपसतो याची ही दोन कारणे आहेत आणि यांपैकी एकाचाही तेलाशी संबंध नाही. तेल फक्त खाली जायला वेळ लावते. किती खाली जायचे ते स्प्रिंग ठरवते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे स्प्रिंगच्या वर लांब स्पेसर टाकून तिला आधीच दाबून ठेवणे. त्याने गाडी उंच बसते हे खरे, पण स्प्रिंग कडक होत नाही. मिमीमागे ०.५४ किलो होती ती ०.५४ किलोच राहते. स्पेसर बैठक ठरवण्यासाठी असतो आणि ताकद बदलायची तर स्प्रिंगच बदलावी लागते. तारेच्या जाडीचा परिणाम इथे फार मोठा असतो, कारण ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. ४ मिमीच्या जागी ४.२ मिमीची तार घेतली आणि बाकी सगळे तसेच ठेवले, तर ताकद सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. काही जण जुन्याच स्प्रिंगची वेटोळी कापतात. ४० कार्यरत वेटोळ्यांची ३२ केली तर ताकद सव्वापट होते, ही युक्ती शास्त्राला धरून आहे आणि मला तिच्यात काही कमीपणा वाटत नाही. मात्र कापलेल्या स्प्रिंगची मोकळी लांबी, वजा सर्व वेटोळी एकमेकींना चिकटल्यावरची लांबी, ही फोर्कची पूर्ण चाल आणि सुरुवातीचा दाब यांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे याची खात्री करावी. नाहीतर चाल संपण्याआधी स्प्रिंगचाच ठोकळा होतो.

मी मिमीमागे ०.७५ किलोच्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ताकदीच्या नव्या स्प्रिंगा घेतल्या आणि पीव्हीसी पाइपाचे स्पेसर कापले. स्पेसरची टोके काटकोनात कापावीत आणि स्प्रिंग व स्पेसर यांच्यामध्ये पोलादी वॉशर टाकावा, नाहीतर स्प्रिंगचे टोक प्लास्टिकमध्ये रुतते. २० मिमी सुरुवातीचा दाब ठेवला. बसून मोजले तर ४० आणि ३४, सरासरी ३७ मिमी. हे आकडे पहिल्याच प्रयत्नात आले नाहीत, स्पेसर तीनदा कापला.

फोर्कमध्ये एक तिसरी स्प्रिंगही असते, ती म्हणजे तेलाच्या वर कोंडलेली हवा. तेल मिलिलिटरमध्ये मोजून भरणे मी आता सोडले आहे, कारण खोललेल्या फोर्कमध्ये आधीचे किती तेल चिकटून राहिले आहे याचा भरवसा नसतो. स्प्रिंग बाहेर ठेवून, फोर्क पूर्ण दाबून, पाइपाच्या तोंडापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे. त्याआधी फोर्क दहा-बारा वेळा सावकाश खालीवर करून डॅम्पर रॉडमधली हवा काढावी. हे अंतर कमी केले की चालीच्या शेवटच्या तृतीयांशात फोर्क झपाट्याने ताठ होत जातो आणि पहिल्या तृतीयांशात फारसा फरक पडत नाही. तळाला आपटणे थांबवण्याचे हे सर्वांत नाजूक साधन आहे. मी १५० मिमीपासून सुरुवात केली आणि दहा-दहा मिमीने १३० वर आलो. फार पुढे गेले तर आतला दाब सील उचलून बाहेर काढतो, हेही लक्षात ठेवावे.

एवढे झाल्यावर वेगाच्या वर्गाचा तो मूळ प्रश्न उरतो. डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसणारी एक लहानशी झडप यासाठी मिळते, तिला इम्युलेटर म्हणतात. तिची कल्पना सोपी आहे. रॉडच्या खालची भोके इतकी मोठी करायची की त्यांनी तेल अडवायचेच नाही, आणि अडवण्याचे काम वर बसलेल्या झडपेकडे द्यायचे. तिच्यातले लहान भोक संथ हालचालीला विरोध करते, आणि तेलाचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंगने धरलेली तबकडी उघडून तेलाला वाट मोकळी करून देते. यामुळे ब्रेक दाबताना आधार मिळतो आणि खड्ड्यात ती भिंत उभी राहत नाही. यासाठी रॉडला ८ मिमीची सहा भोके, म्हणजे आरपार तीन जोड्या, एकमेकींपासून अंतर ठेवून आणि काटकोनात फिरवून पाडावी लागतात. हे काम परतीचे नाही. म्हणून मी जुन्या रॉडची आणखी एक जोडी मिळवली आणि मूळ जोडी कागदात गुंडाळून ठेवली. ड्रिलनंतर भोकांच्या आतल्या कडा घासून एकही कीस उरणार नाही असे करावे, कारण तो कीस पुढे सीलपर्यंत जातो. झडपेची जितकी जाडी, तितका स्पेसर कमी करावा लागतो. मी ते विसरलो आणि कॅपचे आटे पकडेनात तेव्हा आठवले.

इथे जाड तेलाला त्याची खरी जागा मिळते. इम्युलेटर फक्त दाबण्याची बाजू सांभाळतो. उसळण्याची बाजू रॉडच्या वरच्या लहान भोकांकडेच राहते आणि कडक स्प्रिंग आता अधिक जोराने वर ढकलत असते. म्हणून तेलाची जाडी उसळीकडे पाहून निवडावी. हँडल दाबून सोडले की फोर्क एकदा वर यावा, किंचित पुढे जाऊन आपल्या जागी थांबावा, झोके घेत राहू नये आणि रांगतही येऊ नये. माझे उत्तर १५ डब्ल्यू निघाले. पण डबीवरच्या या आकड्यावर विसंबू नये. एका कंपनीचे १० डब्ल्यू दुसरीच्या १५ डब्ल्यूइतके जाड असू शकते. ४० अंश सेल्सियसला तेलाची जाडी सेंटिस्टोक्समध्ये किती, हा आकडा तांत्रिक पत्रकात दिलेला असतो. तुलना त्याचीच करावी आणि एकदा जमले की तेच तेल घेत राहावे.

पुढच्या मडगार्डवर बसणारी जाड पट्टी, म्हणजे फोर्क ब्रेस, मी लावली आणि दोनदा काढली. ३५ मिमीचे पाइप बारीकच असतात. दोन बॉटम एकमेकांना भक्कम बांधले तर वळणात चाक कमी वळवळते, हे जाणवण्याइतपत खरे आहे. पण भोकांचे माप अर्धा मिमी चुकले तरी ब्रेस बॉटमना कायमचे ओढून धरते आणि मोठ्या कष्टाने घालवलेले घर्षण परत येते. भोके थोडी लांबट करून, फोर्क खालीवर करून मग बोल्ट आवळले तेव्हा ती बसली.

नव्या गाडीचा उलटा फोर्क (जाड नळी वर आणि बारीक खाली असलेला) काढून जुन्या गाडीला लावणे हा सल्ला मला अनेकांनी दिला. मी तो मानला नाही आणि केवळ जुनेपणाच्या प्रेमाखातर नाही. फोर्कबरोबर टी येते आणि टीबरोबर तिचा ऑफसेट, म्हणजे पाइप हँडलच्या दांड्याच्या किती पुढे बसतात ते अंतर. चाकाची त्रिज्या ३२० मिमी, हँडलच्या दांड्याचा उभ्या रेषेपासूनचा कल २७ अंश आणि ऑफसेट ६० मिमी असेल तर ट्रेल, म्हणजे त्या दांड्याची रेषा जमिनीला टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर, सुमारे ९६ मिमी येतो. नव्या टीचा ऑफसेट ३० मिमी असला तर तोच ट्रेल जवळपास १३० मिमी होतो आणि गाडी वळायला नकार देऊ लागते. चाक लहान केले तर ट्रेल थोडा कमी होतो, पण गाडी खाली बसते. मग मागचे शॉकअप बदलावे लागतात. ज्यांना हा धागा शेवटपर्यंत ओढायचा आहे त्यांनी जरूर ओढावा, पण तो फोर्क सुधारण्याचा नसून वेगळी गाडी बांधण्याचा उद्योग आहे.

पाइपावरची प्लास्टिकची टाय मी अजून काढलेली नाही. नेहमीच्या रस्त्यावर फिरून आलो की चाल संपायला २५ ते ३० मिमी बाकी असल्याचे ती दाखवते आणि एकदा मुद्दाम जोरात ब्रेक लावून पाहिला तेव्हा १२ मिमी. इम्युलेटरच्या स्प्रिंगचा दाब मी अडीच आट्यांवरून दोनवर आणला, त्यामुळे रस्त्यावरच्या सांध्यांचा उरलासुरला कडकपणा गेला. पहिले तेल ५०० किलोमीटरांनंतर काढले तर ते राखाडी निघाले आणि ताटलीच्या तळाशी ॲल्युमिनियमची बारीक चमक होती. दुसरे तेल १५०० किलोमीटरांनी काढले. ते मळलेले होते, पण चमक नव्हती. उजव्या सीलखाली एक ओलसर वर्तुळ दिसू लागले आहे. ते तेल आहे की जोडणीच्या वेळी सीलला लावलेले ग्रीस, हे पाहण्यासाठी पाइप पुसून ठेवला आहे.